व्हीवाली का डब्ल्यूवाली?

मशीन रूममधला फोन मी अजूनही पहिल्या रिंगला उचलत नाही. त्या फोनवर कधी कोणी बरी बातमी दिली नाही. स्टोअरमधून आला तर काहीतरी बंद पडलेलं असतं, साहेबांच्या केबिनमधून आला तर कोणीतरी चुकलेलं असतं. पाच आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी तो वाजला तेव्हा सवयीनं मी आधी स्क्रीनकडे पाहिलं, सगळं चालू आहे ना म्हणून, आणि मग रिसीव्हर उचलला. पलीकडे सातपुते सरांचे मेहुणे होते. "भाऊजी गेले," एवढंच म्हणाले. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी हो म्हटलं, बरं म्हटलं, काय म्हटलं ते मलाच कळलं नाही. फोन ठेवला आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. सगळं चालू होतं... आणि मला त्याचीच भीती वाटली. आता काही बंद पडलं तर विचारायचं कोणाला?

मनोहर सातपुते आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात माझे वरिष्ठ होते. कंपनी पाण्याचे पंप बनवते, नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला. विभाग म्हटलं तर मोठा वाटतो, पण काम जाणणारी माणसं दोनच, ते आणि मी. ते जुन्या काळी कार्डाला भोकं पाडणाऱ्या मशीनपासून वर आलेले, मी बी.एस्सी. करून वर एका वर्षाचा कोर्स केलेली. माझे बाबा कामठीत पॉवरलूमवर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते. लोखंडी पेटीवर वही ठेवून मी अभ्यास केला. मशीन रूममध्ये पहिल्यांदा पाय टाकला तो मे महिना होता. बाहेर ऊन अंगाची साल काढत होतं आणि आत एवढं गार, की दात वाजायला लागले. ते थंडीनं वाजले की धाकानं, हे तेव्हाही कळलं नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, देवळासारख्या. सातपुते सर आपल्या डाव्या चपलेत खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी ठेवून आत यायचे. कोणी नेत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, "चप्पल नेतीन, खर्रा नेतीन, पण दोन्ही संगं कोणी नेत नाही वं."

आता 'टेबल' म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या मायसारखं व्हायचं. कॉम्प्युटरच्या पोटात माहिती रकाने पाडून ठेवलेली असते, एखाद्या रजिस्टरासारखी, आणि त्या एकेका रजिस्टराला टेबल म्हणतात. प्रत्येकाला नाव असतं. मशीनला आपली लिपी येत नाही, म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत. आमच्या स्टोअरमधल्या प्रत्येक नटाची, बेअरिंगची, पंख्याची नोंद ज्या टेबलात होती, त्याचं नाव सरांनी ठेवलं होतं 'वस्तू'. व्हीनं सुरू होणारी. मी नवीन असताना शिकण्यासाठी तसंच एक खोटं टेबल बनवलं आणि त्यालाही 'वस्तू'च नाव दिलं, पण डब्ल्यूनं. मी वानखेडे, माझा 'व' डब्ल्यूनंच सुरू होतो. खरं तर तोही भांडून मिळवलेला. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी व्ही लिहिला होता. कॉलेजच्या यादीत माझं नाव डब्ल्यूखाली शोधून शोधून बाबा आणि मी घामाघूम झालो. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, नाव नाही. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. अर्ध्या तासानं नाव सापडलं, व्हीखाली. तो अर्धा तास मी विसरलेली नाही. सरांना हे सांगितल्यावर ते खूप हसले आणि म्हणाले, राहू दे तुझी डब्ल्यूवाली वस्तू, दोघी बहिणी राहतीन. नंतर स्टोअरच्या माणसांना शिकवायला आम्ही तेच खोटं टेबल वापरलं.

माझी प्रोबेशन संपायला बारा दिवस उरले असतानाची ही गोष्ट. बारा दिवसांनी पत्र मिळणार होतं, कायम केल्याचं किंवा घरी जाण्याचं. स्टोअरवाल्यांचं शिकणं संपलं होतं. सर म्हणाले, आता डब्ल्यूवाली पुसून टाक. पुसण्याचा हक्क माझ्याकडे नव्हता. मोठा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. संध्याकाळी पाचला त्यांनी तो टाकला, खुर्ची माझ्यापुढे सरकवली आणि बाहेर खर्रा खायला गेले. मी हुकूम टाइप केला, बटण दाबलं. मशीननं 'पुसलं' म्हणून सांगितलं. सर आले, स्क्रीन बंद केली, मी रजिस्टरात वेळ लिहून सही केली आणि कामठीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. स्टोअरचे पांडेजी होते. "मॅडम, ये तो बोल रहा है टेबल ही नहीं है." मी म्हटलं, पुन्हा करून पाहा. त्यांनी केलं. पुन्हा तेच. मग मी स्टोअरच्या नावानं माझ्या स्क्रीनवर उघडून पाहिलं. हिरव्या अक्षरांची एक ओळ आली. टेबल अस्तित्वात नाही.

मी डोळे मिटून काल संध्याकाळची माझी बोटं आठवायला लागले. व्ही दाबलं होतं की डब्ल्यू? जितकं आठवावं तितकं दोन्ही खरं वाटायला लागलं. एकदा बोट डावीकडं वर जाताना दिसे, एकदा खाली... आपण बोलताना 'व' एकच बोलतो. कानात एकच आवाज असतो आणि बोटाला दोन जागा. मनात मी नुसतं 'वस्तू' म्हटलं असणार, आणि बोट कुठं गेलं हे बोटालाच माहीत. टेपवर नक्कल होती, पण ती शनिवारची, आणि आज होता गुरुवार. मधल्या दिवसांत काय आलं, काय गेलं, हे सांगणारं दुसरं काही नव्हतं, कारण कागदाची जुनी रजिस्टरं बंद करा असं आम्हीच सांगितलं होतं.

सर त्या सकाळी नव्हते. सातपुते काकूंचे डोळे दाखवायला मेयो दवाखान्यात गेले होते, अकराशिवाय येणार नव्हते. तोपर्यंत स्टोअरच्या खिडकीपुढे कामगारांची रांग लागली, कोणाला काही देता येईना, आणि शेड एकेक करून थांबत गेली. मशीन रूममध्ये बाहेरचा आवाज येत नाही. पण यंत्रं थांबल्यावर पायाखालची बारीक थरथर बंद झाली, ती कळली. मोठे साहेब स्वतः आले. चपला न काढता आले. काल शेवटी मशीनवर कोण होतं, असं विचारून त्यांनी रजिस्टर उघडलं. माझी सही होती. मी म्हटलं, मला माहीत नाही काय झालं. ते म्हणाले, दुपारच्या जेवणापर्यंत कळलं पाहिजे, आणि ज्यानं केलं त्यानं उद्यापासून यायचं कारण नाही. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, रजिस्टराकडे पाहत होते.

ते गेल्यावर तासभर मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण मेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर खरंच लिहावं. मी उत्तर तयार करत बसले. पासवर्ड कोणाचा? सातपुते सरांचा. तो उघडा टाकून बाहेर कोण गेलं? सातपुते सर. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते मनात पाठ केलं, इंग्रजीत सुद्धा पाठ केलं, कारण साहेबांपुढे इंग्रजीत बोललेलं जास्त खरं वाटतं. डोळ्यांपुढे सारखी आमची गल्ली येत होती. नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते लूमवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा. आता तेच लोक म्हणणार, शिकली तर होती, पण जमलं नाही. एकटी मी नाही, माझ्यामागून येणारी प्रत्येक पोरगी त्या वाक्याखाली येणार.

सव्वाअकराला दार उघडलं. सरांना गेटवरच कोणीतरी सांगितलं असावं, कारण तोंडात खर्रा नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून वं, एवढी थरथरून काहून राहिली? एसी कमी करू का?" आणि पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातून निघायचं तिथंच राहिलं. मी म्हटलं, "सर, काल मी पुसलं. पण व्ही होतं की डब्ल्यू, मला आठवत नाही." ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "मले सांगितलं, बरं केलं," म्हणाले. "आता जेवणापर्यंत दुसऱ्या कोणाले सांगू नको. पहिले पाहू तर दे."

त्या दिवशी ते जे बोलले ते मी पुढे दहादा वापरलं आहे. ही मशीन 'नाही' म्हणते, म्हणाले, पण तिच्या एका 'नाही'मध्ये चार 'नाही' असतात. एक, खरंच नाही, पुसलं गेलं. दोन, आहे, पण तू नाव चुकीचं घेतलं. तीन, आहे, पण दुसऱ्याच्या घरात आहे आणि तू या घरात शोधून राहिली. आणि चार, आहे, याच घरात आहे, पण तुले पाहायची परवानगी नाही. मी म्हटलं, मग परवानगी नाही असं सरळ का नाही सांगत? "सांगितलं तर आहे हे कळते ना," ते म्हणाले. "म्हणून 'नाहीच' म्हणायचं."

मी तेव्हा नागपुरात भाड्याची खोली शोधत होते, रोजची बस सोसत नव्हती म्हणून. तीन घरी एकच गोष्ट घडली होती. आधी चहा, मग नाव, मग 'वानखेडे म्हणजे कोणते हो?', आणि मग खोली नाही. एका दारावर 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी मी जिना उतरेपर्यंत तशीच लटकत होती. हे मी सरांना इतके दिवस सांगितलं नव्हतं, त्या क्षणी मात्र बोलून गेले. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "मंग मशीन आपल्याच लोकांनी शिकवली म्हणायची," म्हणाले, आणि मोठा पासवर्ड टाकायला लागले. टाकताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. भ्यायलेली मी एकटी नव्हते हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यानं धीर आला नाही, उलट जास्तच भीती वाटली.

त्यांनी सगळ्या टेबलांच्या नावांची यादी मागितली. यादी वर सरकत गेली. मी डोळे मिटले. मला कॉलेजची यादी दिसत होती, बाबांच्या हातातली टोपी दिसत होती. सर म्हणाले, "वाच." मी म्हटलं, तुम्हीच वाचा. "नाही, तूच वाच. मोठ्यानं." मी डोळे उघडले. शेवटून चौथी ओळ... व्ही, ए, एस, टी, यू. डब्ल्यूवाली कुठेच नव्हती. मी बरोबर तेच पुसलं होतं जे पुसायचं होतं. स्टोअरची वस्तू जागच्या जागी होती, एकही ओळ कमी नव्हती. पांडेजींना ती दिसत नव्हती, एवढंच. चौथा 'नाही'.

मग परवानगी कोणी काढली? सरांनी आदल्या दिवशीचे हुकूम पाहिले. साडेचारचा एक होता, स्टोअरची खिडकी बंद झाल्यानंतरचा. मी पुसण्याआधी खोट्या टेबलावर चुकून कोणी काम करू नये म्हणून स्टोअरवाल्यांचा हक्क काढून घेतलेला होता. सरांनी, स्वतः. फक्त डब्ल्यूच्या जागी व्ही दाबला होता. ते त्या एका अक्षराकडे बराच वेळ पाहत राहिले. मी खोटं सांगणार नाही, माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो त्यांच्या छातीवर ठेवला गेला हे कळायला मला जरा वेळच लागला.

एका ओळीत त्यांनी हक्क परत दिला. फोनवर पांडेजी म्हणाले, आ गया, आ गया. इथंच सगळं संपवता आलं असतं. मशीनला कधीकधी होतं असं, म्हटलं असतं तर साहेबांनी मानलं असतं, आणि नाही मानलं तर रजिस्टरात सही माझी होती. सर उठले, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि केबिनकडे गेले. मी मागोमाग काचेच्या दारापर्यंत. त्यांचा आवाज खाली होता, पण ऐकू आला. "साहेब, टेबल जाग्यावर होतं. दार मी लावलं, काल साडेचारला. पोरीनं जे पुसायचं तेच पुसलं. लिहून देतो." आणि उभ्या उभ्या, साहेबांच्याच टेबलावर, लिहून दिलं.

बारा दिवसांनी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्या वर्षी सरांची बढती व्हायची होती, ती झाली नाही, पुढेही झाली नाही. त्यावर ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी घरी मी मायला सगळं सांगितलं होतं. ती शांतपणे ऐकत होती, शेवटी म्हणाली, "एवढं मोठं टेबल, उचलून नेलं असतं तर गेटवाल्याले दिसलं नसतं काय वं?" बाबा हसले, मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. माय घाबरली. तिला वाटलं, टेबल खरंच गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम केला. त्यांचे वडील रेल्वेत फायरमन होते. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं रंग मोठ्यानं सांगायचा आणि फायरमननं तो परत मोठ्यानं म्हणायचा, तेव्हाच गाडी पुढे. आपणही तसंच करायचं, म्हणाले. पुसायचा हुकूम टाइप करायचा, बटण दाबायचं नाही. नाव मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं विचारायचं, "व्हीवाली का डब्ल्यूवाली?" उत्तर द्यायचं, मग बटण. दुसरा माणूस नसेल तर पुसायचं नाही, मग साहेब का उभे राहीनात. पुढे पुढे नावात 'व' नसला तरी ते हाच प्रश्न विचारायचे. मला शेवटी खोली मिळाली तेव्हाही विचारलं, व्हीवाली का डब्ल्यूवाली? म्हणजे, नीट पाहून घेतली ना. लग्नाचं ठरलं तेव्हाही तेच. आमचे हे अजून विचारतात, मी कोणती होते म्हणून.

सर गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात साहेबांची चिठ्ठी आली. मोठा पासवर्ड आता माझ्याकडे. मृत कर्मचाऱ्याचं नाव आणि त्याच्या नावावरची सगळी टेबलं मशीनमधून काढून टाकावीत. मी यादी मागितली. तीन टेबलं कामाची होती, त्यांच्या नकला दुसरीकडे होत्या. चौथं मी कधी पाहिलं नव्हतं. नाव 'चुका'. आणि पाहिलं नव्हतं, कारण इतकी वर्षं मला ते पाहायची परवानगीच नव्हती. माझ्यासाठी ते 'नाही'च होतं.

मी उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं वाचत बसले. चार रकाने. काय झालं, मशीन काय म्हणाली, खरं काय होतं, कोणाची. पहिल्याच ओळीत तो दिवस होता. व्हीवालीचा हक्क काढला. मशीन म्हणाली, टेबल नाही. खरं, टेबल होतं. कोणाची, सातपुते. दुसरी ओळही त्याच दिवसाची होती. मोठा पासवर्ड उघडा ठेवून खर्रा खायला गेलो. मशीन म्हणाली, काही नाही. खरं, पोरगी एकटी सापडली असती. कोणाची, सातपुते... म्हणजे मी त्या तासाभरात जे पाठ केलं होतं, ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी ते त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. खाली चाळीसेक ओळी होत्या. कित्येक मी ओळखल्या, माझ्याच होत्या. त्यांच्यापुढे 'कोणाची'चा रकाना रिकामा होता.

तीन टेबलांच्या वेळी मी स्टोअरमधून पांडेजींना बोलावून घेतलं. त्यांनी प्रश्न हिंदीत विचारला, पण विचारला. चौथ्याच्या वेळी बोलावलं नाही. एकटीनंच हुकूम टाइप केला आणि बटणावर बोट ठेवलं. मी नाव मोठ्यानं वाचलं. "चुका. सी, एच, यू, के, ए." एसीचा आवाज येत होता. दाराबाहेर माझ्या एकटीच्या चपला होत्या. मी थांबले, खरंच थांबले, कोणीतरी विचारेल म्हणून...

मग एकेक अक्षर मागे घेतलं, स्क्रीन बंद केली आणि साहेबांच्या चिठ्ठीखाली लिहिलं, एक टेबल बाकी. साहेब आज ना उद्या विचारतील, का बाकी आहे म्हणून. फोन वाजला की आता मला तीच धास्ती असते. उत्तर मात्र यावेळी पाठ केलेलं नाही. दुसरा माणूस नव्हता, एवढंच सांगायचं आहे.